छटाकभाऊंचं कागदावरचं नाव

"मॅडम, बायोडेटावर टोपणनाव लिहिलं तर नोकरी मिळते का?"

प्रश्न भोंग्याने विचारला, पण तो तिचा नव्हता. शिडी आणि चष्मा या तिच्या दोन मैत्रिणींनी मागच्या बाकावर बसून तो शिजवला होता. विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, अशी पैज होती. भोंगा उभी राहिली, खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

वर्षापूर्वी हीच मुलगी हजेरीच्या वेळी "हजर" इतकं हळू म्हणायची की महिन्यातून चार वेळा तिची गैरहजेरी लागायची. मग या वर्षी वक्तृत्व स्पर्धेला कोणीच मिळेना म्हणून बाईंनी तिला बळेच घोड्यावर बसवलं, ती थरथरत उभी राहिली, आणि पाच मिनिटांनी घंटा वाजली तरी थांबेना. दुसरं बक्षीस मिळालं. तेव्हापासून जे तोंड उघडलं ते काही मिटलं नाही. भोंगा हे नाव त्याच आठवड्यात पडलं आणि तिला ते मनापासून आवडायचं.

करिअर मार्गदर्शनाच्या मॅडम चार शाळा फिरून दमलेल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि प्रश्न खरा असल्यासारखं उत्तर दिलं.

"कधीच लिहू नये. नाव सगळ्यात वर, मधोमध, मोठ्या अक्षरांत. दाखल्यावर आहे अगदी तसंच. टोपणनाव वाचून माणूस हसतो, आणि हसलेला माणूस तो कागद बाजूला ठेवतो. आणि कामाचं नावही नीट लिहावं. 'दुरुस्ती करतो' असं नाही. भारदस्त शब्द शोधावा."

"बस खाली, भोंगे," शिडी कुजबुजली. "पैज जिंकलीस."

भोंगा बसली. पण वही उघडून तिने मॅडमचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं. सगळ्या वर्गात तिने एकटीनेच. कारण तिच्या दप्तरात, गणिताच्या पुस्तकात, चार घड्या घातलेला एक कागद होता. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. त्याची पहिली ओळ होती: छटाकभाऊ.

बाबा सतराव्या वर्षी तराजू-काटे दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागले. पहिल्याच दिवशी मालकाने गंमत म्हणून त्यांना पोत्यांच्या काट्यावर उभं केलं, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, हा तर छटाकभर आहे." संपलं. पुढे बाबांचं लग्न झालं, पोट सुटलं, कानाजवळचे केस पांढरे झाले, पण छटाक काही वाढला नाही. फक्त त्याला भाऊ चिकटला. बाजारातली दुकानं, गोदामं, हातगाड्या, जिथे म्हणून काही तोललं जायचं तिथे छटाकभाऊंना ओळखत नाही असा माणूस नव्हता. भोंगा लहानपणी त्यांचं बोट धरून गेली की हमाल ओरडायचे, "बाप छटाक, पोरगी पावशेर!" सात वर्षांची असताना तिला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. तेराव्या वर्षी तिने त्या रस्त्याने जाणंच सोडलं.

बाबांना दाखल्यावरच्या नावाने हाक मारणारं आता कोणी राहिलंच नव्हतं. आई "अहो" म्हणायची, भोंगा "बाबा" म्हणायची. मोठी आत्या तेवढी नावाने बोलवायची, ती गेली त्याला सहा वर्षं झाली.

आणि चार महिन्यांपूर्वी वर्कशॉप बंद पडलं. मालक वारला, मुलांनी जागा विकून टाकली. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा दाखला द्यायलाही कोणी उरलं नाही. पहिला महिनाभर बाबा रोज सकाळी आठला हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायचे आणि साडेदहाला परत यायचे. कुठे जातात ते कोणी विचारलं नाही. मग पिशवी खिळ्याला लागली ती लागलीच. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांनी तीन वेळा उघडून साफ केलं. ते आधीही बरोबरच चालत होतं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची, तिने दुसरी पाळी मागून घेतली. घरी आल्यावरही तिचे हात नुसते घड्या घालत राहायचे, टॉवेलच्या, वर्तमानपत्राच्या, हाताला लागेल त्याच्या. जेवताना तिघं जण भाजीबद्दल बोलायचे. तीच भाजी, तेच बोलणं.

त्यात एक जाहिरात आली. गावाबाहेरच्या गोदाम कंपनीत ट्रक तोलायचा मोठा काटा होता आणि तो सांभाळायला माणूस हवा होता. अर्ज शुक्रवारपर्यंत. बाबांनी दोन दिवस खपून तो कागद लिहिला. वर छटाकभाऊ, त्याखाली बारीक अक्षरात पूर्ण नाव, मग काम, आणि शेवटी ओळखीच्या तीन माणसांचे फोन: सोनार, धान्याचे व्यापारी आणि औषधांच्या दुकानाचे मालक.

"शाळेतल्या कॉम्प्युटरवर नीट टाईप करून पाठव," ते म्हणाले. "आणि वरची ओळ तशीच ठेव हां. बाजारात विचारलं तर याच नावाने सांगतील."

"हो हो," भोंगा म्हणाली. ती तेव्हा बुटाची नाडी बांधत होती.

मॅडमचं भाषण झालं त्याच दिवशी, शेवटच्या तासाला, ती कॉम्प्युटरच्या खोलीत बसली. वरची ओळ तिने टाईप केली. पडद्यावर ती भलतीच मोठी आणि बावळट दिसत होती. तिने ती पुसली. दाखल्यावरचं तीन शब्दांचं नाव मधोमध आणलं, ठळक केलं. 'काटे दुरुस्ती' खोडून 'वजनमापन उपकरण तंत्रज्ञ' लिहिलं. मागे सरकून बघितलं, तर तो कागद एखाद्या टाय लावणाऱ्या माणसाचा वाटत होता. तिला तो आवडला. इतका आवडला की, खरं सांगायचं तर, असा माणूस शाळेच्या पालकसभेला आला तर कसं वाटेल हेही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. तिने बटण दाबलं. घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "गेलं?" ती म्हणाली, "गेलं." त्यांनी छापील प्रत बघायला मागितली नाही. लेक एवढी शिकलेली, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली, तिचं काय तपासायचं?

पुढच्या बुधवारी बोलावणं आलं.

मुलाखतीहून बाबा परत आले ते चपला न काढताच बोलायला लागले. म्हणे, खुर्चीवर बसवून फार काही विचारलंच नाही, सरळ काट्यापाशी नेलं. काटा दर वेळी वेगळं वजन दाखवत होता. बाबांनी गुडघ्यावर बसून काट्याच्या लोखंडी फळीखाली हात घातला आणि मूठभर खडी बाहेर काढली. "बाकी काही नाही झालेलं त्याला, दाढेत अडकलंय," असं तिथल्या साहेबांना सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, सोमवारपासून या. मधे फक्त तुम्ही दिलेल्या तीन नंबरांवर फोन करून घेतो, नियम आहे.

"फोन करा म्हटलं," बाबा सांगत होते. "सोनाराला तर आधी करा."

त्या संध्याकाळी आईच्या हातून एका वर्तमानपत्राची घडी अर्धवट राहिली. बाबांनी खिळ्यावरची पिशवी उतरवली आणि एकेक हत्यार तेलाच्या फडक्याने पुसून ठेवलं. भोंग्याला वाटलं, हे सगळं आपल्यामुळे. आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने शिडीला आणि चष्म्याला मॅडमचे सल्ले पुन्हा एकदा ऐकवले.

शनिवारी बाबांच्या फोनवर निरोप आला. घरातले सगळे निरोप मोठ्याने वाचायचं काम भोंग्याचं होतं, तसा तिने हाही वाचला.

"आपण संदर्भ म्हणून दिलेल्या तिन्ही व्यक्तींनी आपणास ओळखत नसल्याचे सांगितले आहे. सबब आपली निवड रद्द करण्यात येत आहे."

'सबब' वाचताना तिचा आवाज खाली आला.

"तिघांनी?" बाबांनी विचारलं.

"तिन्ही व्यक्तींनी असं लिहिलंय."

"सोनारानेसुद्धा?"

भोंग्याने तो निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी मनातल्या मनात. आई म्हणाली, "काहीतरी घोटाळा असेल हो. जाऊन विचारा तरी."

"काय विचारू?" बाबा म्हणाले. "मी तुम्हाला आठवतो का म्हणून?"

त्यांनी पिशवी उचलली. ती खिळ्याला न लावता कॉटखाली सरकवली, पार भिंतीपर्यंत, पायाने ढकलून.

नंतरचे दिवस भयाण होते. बाबा रडले असते, चिडले असते, तर बरं झालं असतं. ते एकदा शांतपणे एवढंच म्हणाले, "वर्कशॉपची पाटी होती तोवर ओळख होती. पाटीला ओळखत होते ते." किराणा आणायला ते बाजार टाळून वळसा घालून जायला लागले, वीस मिनिटं जास्त चालून. सोमवारी सकाळी आठला ते उठून दारापर्यंत गेले, आणि मग आठवल्यासारखे थांबून परत आत येऊन बसले. आईने ते पाहिलं. भोंग्यानेही पाहिलं. दोघींनी आपापल्या बशीत बघितलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर भोंगा बाजारात निघाली. "आम्ही येतो," चष्मा म्हणाली. "सोनाराला आपण तिघी मिळून सुनवू." भोंगा म्हणाली, "मी एकटी पुरे आहे त्याला." वाटेत तिने भाषण पाठ केलं. सव्वीस वर्षं, भर पावसापाण्यात, एका हाकेला धावून आलेला माणूस, असं सगळं. शेवटी एक टोमणाही होता, सोनं तोलणाऱ्यांना माणसं तोलता येत नाहीत, असा. तो तिला विशेष जमला होता.

सोनार दुकानात एकटाच होता, डोळ्याला भिंग लावून साखळीचा दुवा बघत. भिंग न काढताच म्हणाला, "कोण? पावशेर? केवढी झालीस गं. अगं, तुझा बाप आहे कुठे? दोन आठवडे झाले, माझा छोटा काटा डावीकडे झुकतोय. माणूस पाठवला तर घराला कुलूप."

"तुम्ही कंपनीच्या माणसाला सांगितलंत की तुम्ही बाबांना ओळखत नाही."

"मी?" त्याने भिंग काढलं. "छटाकभाऊंना? वेड लागलंय का मला?"

"फोन आला होता ना तुम्हाला. मागच्या आठवड्यात. गोदाम कंपनीतून."

सोनाराने आठवून बघितलं. "फोन आला होता एक. कुणीतरी बाई होत्या. म्हणाल्या, वजनमापन उपकरण का काय, आणि पुढे कुणाचं तरी लांबलचक नाव. मला वाटलं वजनमापं तपासणाऱ्या खात्याचा नवीन साहेब आलाय आणि आमची टेहळणी चाललीय. मी म्हटलं, आम्ही कुणाला ओळखत नाही बाई, आमचा काटा एकच माणूस बघतो. त्या म्हणाल्या, कोण? मी फोन ठेवून दिला. उगाच छटाकभाऊंना कशाला त्यात ओढायचं?"

भोंगा उभी होती तशीच उभी राहिली. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"काय नाव सांगितलं त्यांनी?" तिने विचारलं.

"ते कुठे आठवतंय."

तिने बाबांचं पूर्ण नाव उच्चारलं. तीन शब्द. आपण हे नाव आयुष्यात मोठ्याने पहिल्यांदाच म्हणतोय, हे तिला म्हणता म्हणता जाणवलं.

"हां, असंच काहीतरी," सोनार म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलला. "हे छटाकभाऊंचं नाव आहे?"

तिने मान डोलावली. सोनाराने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"चांगलं नाव आहे," तो म्हणाला, आणि खुर्चीत मागे टेकला. "सव्वीस वर्षांत विचारलं नाही बघ कधी."

धान्याच्या व्यापाऱ्याला त्याने तिच्यासमोरच हाक मारून विचारलं. तो समोरच्या दुकानातून ओरडला, "हो आला होता की. खात्याचा फोन वाटला, हात वर केले." औषधवाल्याकडे जाण्यात अर्थच उरला नव्हता.

मग सोनाराने कंपनीला फोन लावला. नंबर भोंग्याने सांगितला. तो बराच वेळ बोलला. छटाकभाऊंसारखा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही म्हणाला, पुन्हा पुन्हा 'अहो ऐका तर' म्हणाला, आणि शेवटी नुसताच "बरं, बरं" म्हणत राहिला. फोन ठेवून तो म्हणाला, "जागा भरली. काल सकाळीच. आणि त्यांच्या रजिस्टरात नावापुढे शेरा आहे म्हणे. खोटे संदर्भ. फोनवर सांगून तो निघत नाही. पुढे दुसरी जागा निघाली तरी हा शेरा असलेल्याला बोलवत नाहीत."

त्याने ड्रॉवर उगाचच उघडून बंद केला. "कुणी टाईप केला होता तो कागद?"

भोंगा म्हणाली, "मी."

सोनाराने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्याने ओरडायला हवं होतं असं तिला वाटलं.

बाजारातून घर पंधरा मिनिटांवर. तिला त्या दिवशी चाळीस लागली. वाटेत तिच्या डोक्यात एक वाक्य तयार झालं, आपोआप, आणि फार सफाईदार. 'बाबा, सोनारकाकांना त्या दिवशी फोनवर नीट ऐकूच आलं नाही. ते तुमची वाट बघतायत.' यात खोटं फारसं नव्हतंच. बाबांना बाजार परत मिळाला असता, सोनाराचा काटा सरळ झाला असता, आणि वरच्या ओळीबद्दल कुणाला काही कळलं नसतं. असं वाक्य टाळ्या पडतील इतकं चांगलं म्हणता यायचं तिला. जिना चढेपर्यंत ती ते घोळवत होती.

दार उघडलं तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ, मागचं झाकण काढलेलं. आई पाळीला निघायची तयारी करत होती. बाबांनी वर बघून विचारलं, "उशीर झाला गं? चेहरा का असा?"

आणि तिने सगळं सांगितलं. पैज, मॅडम, पुसलेली ओळ, भारदस्त शब्द, सोनाराचा फोन, खात्याचा साहेब, शेरा, भरलेली जागा. एका दमात नाही. मधे मधे थांबून, दोनदा मागे जाऊन, वक्तृत्वाच्या परीक्षकांनी शून्य दिलं असतं असं.

आईने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. "तुला सांगितलं होतं ना त्यांनी," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"मला ते नाव बरं वाटत नव्हतं."

बाबा घड्याळाचा स्क्रू बोटांत फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मला ओळखत नाही असं सोनार म्हणालाच नाही?"

"नाही. तो तुमची वाट बघतोय. त्याचा छोटा काटा डावीकडे झुकतोय."

"झुकणारच. दांडी जिच्यावर तोलते ती सुरी झिजलीय त्याची, मागच्या वर्षीच म्हटलं होतं त्याला." त्यांनी स्क्रू मुठीत धरला. "माझं नाव ऐकून काय म्हणाला?"

"चांगलं नाव आहे म्हणाला."

बाबा हसल्यासारखे झाले, पण ते हसू गालापर्यंत पोचलंच नाही. "मलाही आता ते दुसऱ्याचंच वाटतं," ते म्हणाले. "त्या साहेबांनी मुलाखतीला नावाने बोलावलं, तर मी दोन हाकांना उठलोच नव्हतो."

उघडं घड्याळ मांडीवर टिकटिकत होतं. आईचे हात टॉवेल शोधत होते.

"जाऊ दे," शेवटी बाबा म्हणाले. "जागा तर गेली. पोर आहे, चुकलं. आता उगाळून काय होणार? तू अभ्यासाला बस." आणि ते घड्याळाचं झाकण लावायला लागले. ते असं इतक्या सवयीने म्हणाले की भोंग्याला वाटलं, हे झाकण आपल्यावरच बसतंय. उद्या ते सोनाराचा काटा नीट करून येतील, परवा पुन्हा घड्याळ उघडतील, आणि गावाबाहेरच्या एका रजिस्टरात त्यांचं खरं नाव, ज्या नावाने त्यांना आता कुणी हाक मारत नाही ते, खोटारड्याचं नाव म्हणून राहील. तिथे ते तिने नेऊन ठेवलं होतं. मधोमध, ठळक करून.

ती अभ्यासाला बसली नाही. कॉटखाली वाकली, हात पार भिंतीपर्यंत घालून पिशवी ओढून काढली आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. पिशवीवर धूळ बसली होती. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज जुन्या हजेरीच्या वेळचा होता, ऐकायला आईला पुढे वाकावं लागलं.

"मी उद्या शाळेत जाणार नाहीये. मी त्या कंपनीत जाणार आहे. जागा मागायला नाही, ती गेली ते मला कळतंय. बाबांनी खोटं लिहिलं नव्हतं, मी त्यांचं खरं पुसलं होतं, हे मी साहेबांना सांगणार आहे आणि कागदावर लिहून, खाली माझी सही करून देणार आहे. सोनारकाकांची सही मी जाताना घेईन. तो शेरा खोडेपर्यंत मी तिथून उठणार नाही. बाबा, तुम्ही आलात तर मला धीर येईल. नाही आलात तरी मी जाणार. पण बाजारापर्यंत तरी चला, पिशवी मी उचलते."